खावटी बदलते, पण न्यायालयातूनच

फारकत झाली, न्यायालयाने दरमहा खावटी बांधून दिली, आणि पुढे दिवस पालटले. कुणाचं काम सुटलं, कुणाला नोकरी लागली, मुलांच्या शाळेचा खर्च वाढला. अशा वेळी खावटी कमी करता येते, वाढवता येते, बंदही करून घेता येते. मात्र हा बदल न्यायालय करतं. आपल्या मनाने पैसे थांबवायचा अधिकार कुणालाच नाही.

समजा, कोरीटचा एक तरुण नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर मजुरीला जातो. त्याच्यावर दरमहा 4,000 रुपये खावटीचा आदेश आहे. अपघातात हात जायबंदी झाला, मजुरी बुडाली. त्याने न्यायालयाला काही न कळवता पैसे बंद केले. वर्षात 48,000 रुपये थकले, तिकडून वसुलीचा अर्ज झाला, वॉरंट निघालं. तरीही पैसे भरले नाहीत, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून बाकी फिटत नाही. दवाखान्याचे कागद जोडून त्याने पहिल्याच महिन्यात अर्ज दिला असता, तर त्याची अडचण वेळेवर न्यायाधीशांपुढे आली असती.

हा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 146 खाली होतो. 1 जुलै 2024 पूर्वी यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 127 होतं. तेव्हाचे आदेश आजही चालू आहेत. खावटी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली मिळाली असेल, तर बदलाची सोय त्याच कलमात आहे.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी बंधू-भगिनींनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. पण नागरिक सुरक्षा संहितेतली खावटी कुठल्याही जातीधर्माच्या स्त्रीला मागता येते. पंचांपुढे फारकत झाली, देजाचा म्हणजे वधूमूल्याचा हिशेब मिटला, तरी न्यायालयाचा आदेश पंच रद्द करू शकत नाहीत. पंचांपुढे तिला काही रक्कम दिली असेल तर तिची लेखी पावती न्यायालयात दाखवा. ती रक्कम पुरेशी होती का, हे न्यायालय पाहतं.

भगिनींनो, महागाई वाढली, आजारपण आलं, तर वाढ मागायला संकोच करू नका. थोडीफार कमाई आहे एवढ्यावरून हक्क जात नाही. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी दोन्ही बाजूंनी मिळकत, मालमत्ता आणि कर्ज यांचं शपथपत्र द्यावं असं ठरवून दिलं. त्यामुळे सातबारा, पगारपत्रक, बँकेचं पासबुक हाताशी ठेवा. आणि थकलेली रक्कम वर्षाच्या आत मागा. कलम 144 खालच्या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो.

घटस्फोटित स्त्रीने पुन्हा लग्न केलं, तर त्या तारखेपासून तिची खावटी रद्द होऊ शकते. त्यासाठीही पुराव्यासह अर्ज हवा. मुलांची खावटी मात्र आईच्या लग्नामुळे संपत नाही. आणि पुरुषाने दुसरा संसार थाटला म्हणून पहिल्या मुलांची जबाबदारी टळत नाही.

देणाऱ्यांनी पैसे बँकेतून द्यावेत. हातोहात दिले तर सही घ्यावी, नाहीतर दिलेलंही सिद्ध करता येत नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून घरी बसू नका. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आदेशाची नक्कल घेऊन नंदुरबारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा 15100 वर फोन करा. परिस्थिती बदलली की त्याच आठवड्यात जा, कारण उशिराच्या प्रत्येक महिन्याने थकबाकी वाढते, आणि ती सोसावी लागते दोन्ही घरांना.