बातमी येईल गटाच्या ईमेलवर



योजना निघते, अर्ज सुरू होतात, मुदत संपते आणि बातमी आपल्यापर्यंत मागाहून पोचते. हा अनुभव आपल्यापैकी बऱ्याच गटांना आहे. आमच्या प्रभागातल्या एका गटानं उन्हाळाभर कुरडया-पापड करून ठेवले. प्रदर्शनात स्टॉल मिळतो हे त्यांना कळलं, तेव्हा अर्जाची तारीख जाऊन चार दिवस झाले होते. सूचना वेबसाइटवर होती. पण शेत, गुरं, स्वयंपाक सांभाळून रोज वेबसाइट कोण उघडून बघणार?

म्हणून आम्ही ग्रामसंघात ठरवलं, की बातमीलाच आपल्या ईमेलवर बोलवायचं. याला पैसे पडत नाहीत. कसं करायचं ते सांगतो.

पहिलं काम, गटाच्या नावानं एक ईमेल काढा. त्याचा पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे असू द्या. एकाच्याच हातात किल्ली राहिली की बातमी पुन्हा तिथंच अडते.

मग त्याच ईमेलनं फोनवर 'गुगल अलर्ट्स' उघडा. वरच्या चौकटीत आपला विषय लिहा. नुसतं 'योजना' लिहिलंत तर देशभरच्या बातम्यांचा ढीग येईल. नेमकं लिहा. उदाहरणार्थ, उमेद अभियानाचं मुंबईत 'महालक्ष्मी सरस' हे प्रदर्शन भरतं, तिथं बचत गटांचा माल विकला जातो. तर 'महालक्ष्मी सरस' हे दोन शब्द दुहेरी अवतरण चिन्हांत लिहा. 'शो ऑप्शन्स' दाबलं की किती वेळा मेल हवी ते विचारतात. रोज एकदा किंवा आठवड्यातून एकदा, जमेल ते निवडा. शेवटी 'क्रिएट अलर्ट' दाबा. त्या विषयाचं नवं काही गुगलला सापडलं की मेल येते.

दुसरा मार्ग फीडचा. काही वेबसाइटवर नारिंगी चौकोनात एक ठिपका आणि त्यावर दोन कमानी असं चिन्ह दिसतं. ते फीडचं चिन्ह. फीड म्हणजे त्या वेबसाइटवर नवं काय आलं त्याची आपोआप तयार होणारी यादी. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या वेबसाइटवर अशी फीड आहे. फीडचा पत्ता कॉपी करून 'ब्लॉगट्रॉटर'सारख्या सेवेत टाकायचा, खाली आपला ईमेल लिहायचा. यादीत भर पडली की ती मेलनं येते. पहिल्यांदा करताना कॉलेजात जाणाऱ्या लेकीला शेजारी बसवा.

आता सावधगिरी. अलर्टमध्ये सगळंच सापडतं असं नाही, म्हणून पंचायत समितीत विचारणं सोडू नका. मेल दिसली नाही तर 'स्पॅम'चा कप्पा बघा. बातमी खरी की खोटी हे सरकारी वेबसाइटवर जाऊन पडताळा. त्यांचा पत्ता बहुधा 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन'नं संपतो. मेलमध्ये कुणी ओटीपी, बँकेचा तपशील किंवा अर्जासाठी आधी पैसे मागितले, तर देऊ नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

मेल आली आणि कुणी वाचलीच नाही, तर उपयोग शून्य. आमच्याकडे दर महिन्याला एका सभासदाची पाळी असते. ती मेल वाचते, कामाच्या बातमीची शेवटची तारीख वहीत लिहिते आणि बैठकीत हिशेबाच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवते. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्याही कानावर ते पडतं. तारीख जवळ असेल तर बैठकीची वाट न बघता घरोघर निरोप जातो. नको असलेल्या मेल वाढल्या तर खाली 'अनसबस्क्राइब' दाबून त्या बंद करता येतात.

मैत्रिणींनो, मेल आली म्हणून स्टॉल मिळेलच असं नाही. पण अर्ज करायचा की नाही हे तारीख उलटायच्या आत आपलं आपण ठरवू शकू. येत्या बैठकीत एकच विषय निवडा आणि एक अलर्ट लावून बघा.