भिंतीची परीक्षा
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"तू नेमकं काय काम करतोस ते दहा मिनिटांत सांग," असं संयोजकांनी सांगितलंय. एका वाक्यातच होण्यासारखं आहे: भिंतीतून आणि छपरातून उष्णता किती जाते ते मी मोजतो. पण आज जेवणानंतरच्या बैठकीत आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला दोन वर्ग बांधून द्यायचे, ते कशाचे, हे ठरायचं आहे. हलक्या पॅनेलच्या भिंतींचं एक माहितीपत्रक आठ दिवस आपल्या ग्रुपवर फिरतंय. त्यामुळे माझ्या कामाबद्दल बोलायचं ते त्या पत्रकाच्या निमित्तानेच बोलतो.

पत्रकात आकडा आहे 0.038. ही ग्लासवूलची उष्णतावाहकता, वॅट प्रति मीटर प्रति केल्विन या मापात. आकडा खोटा नाही. ग्लासवूल, थर्माकोल यांची वाहकता साधारण एवढीच असते. विटेची 0.8 च्या आसपास, काँक्रीटची दीडच्या वर, आणि स्थिर हवेची अवघी 0.026. ग्लासवूल काय किंवा आजीची गोधडी काय, करामत एकच: हवेला जागेवर कोंडून ठेवायचं.

आठवीत सरांनी तांब्याच्या सळईला मेणाने टाचण्या चिकटवून एक टोक तापवलं होतं, आठवतंय? एकेक टाचणी गळून पडत होती आणि मागच्या बाकावर पैजा लागल्या होत्या. आमच्या प्रयोगशाळेतलं उपकरण त्याच जातीचं, फक्त फार संशयी. मधोमध विजेवर तापणारी तबकडी, तिच्या दोन्ही बाजूंना एकाच मालाचे सारखे दोन तुकडे, त्यांच्या बाहेर थंड तबकड्या. तापलेल्या तबकडीभोवती आणखी एक तापवलेली चौकट असते. तिचं तापमान मधल्या तबकडीइतकंच ठेवायचं, म्हणजे उष्णता कडेने निसटत नाही, सरळ मालातूनच जाते. आयएस 3346 या भारतीय मानकात हीच पद्धत आहे.

ही चौकट कशाला, ते हिशोबाने सांगतो. मधली तबकडी पंधरा सेंटिमीटर चौरस, माल पाच सेंटिमीटर जाड, दोन्ही अंगांतला फरक वीस अंश आणि वाहकता 0.036 धरली, तर दोन्ही तुकड्यांतून मिळून जाणारी उष्णता भरते 0.65 वॅट. पाऊण वॅटसुद्धा नाही! स्वस्थ बसलेला माणूस शंभर वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. एवढ्याशा मापात कडेने थोडी गळती झाली तरी निकाल बिघडतो. म्हणून तापमानं स्थिर होईपर्यंत तासन् तास थांबायचं आणि मगच आकडा लिहायचा. आमच्या कामातला मोठा भाग वाट पाहण्याचा आहे. माझी बायको याला नोकरी म्हणायला तयार नाही.

आता मुद्द्याचं. हा आकडा मालाचा आहे, भिंतीचा नाही. पत्रकातली भिंत म्हणजे पत्र्याच्या उभ्या पट्ट्यांची चौकट, मध्ये ग्लासवूल, दोन्ही बाजूंना सिमेंट-फायबरचे बोर्ड. ग्लासवूलने अडवलेली उष्णता पोलादी पट्टीतून आरामात पलीकडे जाते, कारण पोलाद ग्लासवूलच्या हजारपट आणि त्याहूनही जास्त वाहक आहे. अशा भिंतीची परीक्षा वेगळी असते. दारापेक्षा मोठा, जोडासकट, स्क्रूसकट पूर्ण तुकडा उभा करायचा, एका बाजूला गरम खोली, दुसऱ्या बाजूला थंड खोली, आणि पलीकडे किती उष्णता जाते ते मोजायचं. पट्ट्या चाळीस सेंटिमीटरवर असतील, तर ग्लासवूलचा निम्म्याहून अधिक गुण पट्ट्याच खाऊन टाकतात.

काही वर्षांपूर्वी एका उत्पादकाने आमच्याकडून फक्त आतल्या मालाची चाचणी करून घेतली आणि पत्रकात तो आकडा "आमची भिंत" म्हणून छापला. पूर्ण भिंतीची चाचणी करू या म्हणालो, तर उत्तर आलं, "साहेब, गिऱ्हाईक एवढं विचारत नाही." अहवालावर "हा निकाल केवळ मालाचा" असं ठळक लिहायला मी तेव्हापासून सुरुवात केली. ती ओळ पत्रकात कोणी छापत नाही, हा भाग वेगळा.

पॅनेलवर अन्याय नको. पंचाहत्तर मिलिमीटर ग्लासवूलची भिंत, पट्ट्यांचा तोटा धरूनही, नऊ इंची विटेच्या भिंतीपेक्षा निम्मीच उष्णता आत सोडते. पण ती कोरडी राहिली तर. पाण्याची वाहकता 0.6, हवेच्या वीसपटीहून जास्त. पावसाळ्यात खालच्या फटीतून पाणी शिरलं की आत हवेऐवजी पाणी कोंडलं जातं. आपल्याकडचा ठेकेदार खालची फट कशी बुजवतो, हे तुम्ही सगळे जाणता.

आणखी एक गोष्ट या चाचण्या सांगत नाहीत: वेळ. विटेची जाड भिंत दुपारचं ऊन पोटात ठेवते आणि सहा-सात तासांनी आत सोडते. आपल्या मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांचा दुपारचा गारवा आणि रात्री अंगणात टाकलेल्या बाजा, दोन्हींमागे तेच कारण आहे. हलकी भिंत काही साठवत नाही. लवकर तापते, लवकर निवते. घरासाठी मी हलक्या भिंतीच्या बाजूने बोललो असतो. शाळा दिवसा भरते, तिथे मला जड भिंत बरी वाटते.

पण खरं सांगायचं तर माझी चिंता भिंतीची नाहीच, छपराची आहे. एप्रिलमध्येच आपल्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. भिंतीवर ऊन तिरपं पडतं, पत्र्यावर सरळ. उघडा पत्रा उन्हाळ्यात साठ अंशांच्या पुढे जातो आणि खाली बसलेल्या पोरांच्या डोक्यावर उष्णतेचा मारा करतो. खोलीतल्या हवेचं तापमान पाहून तो कळत नाही. पत्रकात छपराबद्दल एक ओळ आहे: "आकर्षक रंगांत उपलब्ध."

म्हणून बैठकीत माझं म्हणणं एवढंच असेल. पैसे कमी पडत असतील तर भिंती साध्या विटेच्या करू, पण पत्र्याखाली जाड इन्सुलेशन आणि त्याखाली छत घेऊ. पॅनेलच घ्यायचं ठरलं, तर पूर्ण भिंतीचा, चौकटीसकट, चाचणी अहवाल मागू. नसेल तर चाचणी करून आणायला सांगू. त्यात ऑर्डर महिनाभर लांबली तरी चालेल.

तोवर एक काम नववीच्या मुलांना द्यावं. जुन्या दगडी वर्गात आणि मागच्या पत्र्याच्या वर्गात दोन-दोन थर्मामीटर टांगायचे. त्यातला एक उघडा आणि दुसऱ्याचं टोक काळा रंग दिलेल्या टेबल टेनिसच्या चेंडूत, म्हणजे छपराचा माराही कळेल. मार्च-एप्रिलभर दर तासाला नोंद. थर्मामीटर, चेंडू आणि रकाने आखलेली वही मी सोबत आणली आहे. सकाळीच मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर ठेवली.