नाबोथाचा द्राक्षमळा

इस्राएलाचा राजा अहाब यास राजवाड्याशेजारील नाबोथाचा द्राक्षमळा भाजीच्या बागेसाठीं हवा होता. बदल्यांत अधिक चांगला मळा अथवा दाम देण्यास तो तयार होता. परंतु वाडवडिलांचें वतन विकण्यास नाबोथानें नकार दिला. तेव्हां राणी ईजबेल हिनें राजमुद्रेचीं पत्रें धाडून खोटे साक्षीदार उभे करविले आणि नाबोथास दगडमार झाला. सारें न्यायाच्याच रूपांत घडलें! मळ्याचा ताबा घेण्यास गेलेल्या राजापुढें एकटा एलीया संदेष्टा उभा राहिला. त्यानें खुनास खूनच म्हटलें. अहाबानें गोणपाट नेसून उपोषण केलें. पण नाबोथ परत आला नाहीं.

संदेष्ट्यानें दाखविलेलें ख्रिस्ती सेवेचें हें अंग पुष्कळदां विसरलें जातें. भुकेल्यास अन्न देणें ही सेवा खरीच. पण त्याच्यावरील अन्यायाचा उच्चार करणें, हीहि सेवाच होय. नागपुरास १८४५ सालीं आलेले स्टीफन हिस्लॉप यांनीं शाळा काढली, गोंडांची भाषा व चालीरीती टिपून ठेविल्या, आणि राज्यकारभारांतील दोषहि वृत्तपत्रांतून मांडले. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटची शाळा पाहून परततांना ते पुरांत बुडाले.

त्याच नागपुराजवळ आज खापरखेड्याचें वीजकेंद्र कोळसा जाळतें. उजेड शहरांत येतो. राख तिकडे उरते. त्या राखेशेजारीं कोणाचा मळा आहे, हें विचारल्यावांचून दिव्याखालील प्रार्थना पुरी होत नाहीं.