सात मिलिमीटर

आपल्या कोल्हापुरात टेस्ट ट्यूबच्या दवाखान्याबाहेर गडहिंग्लज, निपाणीहून आलेल्या बायका एकमेकींना विचारतात, "अस्तर किती आलं?" गर्भाशयाचं हे अस्तर सात मिलिमीटर झालं की ट्रान्सफर, म्हणजे गर्भ आत सोडायचा, नाही तर पुढच्या महिन्यात या. या साताला एवढा मान कुणी दिला?

2018 साली कॅनडातल्या चाळीस हजारांवर ट्रान्सफरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोठवलेला गर्भ सोडला तेव्हा आठ मिलिमीटर किंवा जास्त अस्तर असलेल्यांत शंभरातल्या 28 जणींना मूल झालं. सात ते आठमध्ये 27, सहा ते सातमध्ये 24, पाच ते सहामध्ये 15. म्हणजे सातावर दार बंद होत नाही, उतार सुरू होतो. शिवाय मोजणारा हात बदलला की अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे होतो. साडेसहाचा रिपोर्ट बघून रडणाऱ्या मुलीला हे कुणीतरी सांगायला हवं.

अस्तरासाठी थांबण्याची सोय झाली ती गर्भ गोठवता येऊ लागल्यामुळे. अंडी वाढवायच्या इंजेक्शनांनी अस्तराचं वेळापत्रक बिघडतं, म्हणून गर्भ गोठवून पुढच्या एखाद्या पाळीत सोडायचा, हा मार्ग कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी 1978 सालीच धरला होता. 3 ऑक्टोबरला त्यांच्या प्रयत्नांतून दुर्गा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं. 1981 साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे 1986 साली मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. मुखर्जींची कागदपत्रं वाचून भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा मान त्यांना देणारे हेच आनंद कुमार. असा मोठेपणा वैद्यकात दुर्मीळच!

अस्तर वाढतच नसेल, तर गोळ्या वाढवण्याआधी जुनी कहाणी विचारावी. पूर्वी क्युरेटिंग झालंय का? टीबी झाला होता का? आपल्याकडे गर्भाशयाचा टीबी गाजावाजा न करता अस्तर जाळून जातो. आत चिकटलेलं असेल, तर ते दुर्बिणीनं दिसतं आणि बऱ्याचदा सोडवताही येतं. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट आत सोडणं) यासारख्या महागड्या उपायांचा पुरावा मात्र अजून कच्चा आहे. आणि डिंकाच्या लाडवानं अस्तर वाढत नाही. सासूबाईंनी ते प्रेमानं द्यावेत, हिशेबात धरू नयेत.

"थांबलो तर गर्भ खराब होईल का?" हा प्रश्न हमखास येतो. गोठ्यात रेतनासाठी येणाऱ्या डॉक्टरांचं नायट्रोजनचं भांडं तुम्ही पाहिलंय. तसंच हे, उणे 196 अंश. दोन-चार महिन्यांनी गर्भाचं काही बिघडत नाही. अंडी काढली त्या दिवशीचं वय त्याच्यासाठी कायम राहतं. गोठवलेला गर्भच उरला नसेल आणि अडतिसाव्या वर्षी पुन्हा अंडी काढायची असतील, तर मात्र अस्तरापेक्षा कॅलेंडर आधी बघावं लागतं.