देवाच्या दारातील धरणे



आजच्या व्याख्यानासाठी विषय शोधीत मला दूर जावे लागले नाही. माळशेजच्या माथ्यावर मनमुराद कोसळणारा पाऊस ओतूर ओलांडून पूर्वेकडे सरकता सरकता जेथे हात आखडता घेऊ लागतो, त्या पट्ट्यात आपले हे पिंपरी पेंढार गाव वसलेले आहे. आणि वैशाखात नांगरून ठेवलेल्या रानाच्या बांधावर उभे राहून मृगाकडे डोळे लावणे म्हणजे काय, कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहत रात्री जागविणे म्हणजे काय, हे येथे बसलेल्या कोणालाही समजावून सांगण्याची गरज नाही. प्रार्थना केल्यानंतर आणि तिचे उत्तर येण्यापूर्वी जो काळ जातो, त्या काळात मनुष्याने आशा धरावी ती कशाच्या आधारावर, एवढाच माझ्यापुढे प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास आपले गाव मोठ्या मोक्याच्या जागी आहे. पूर्वेला आळ्यास ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले म्हणतात त्या रेड्याची समाधी, आणि पश्चिमेला ओतुरास, मांडवीच्या काठी, तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी. या गुरुशिष्यांची जागेपणी भेट कधी झालीच नाही. जी झाली ती स्वप्नात, माघ शुद्ध दशमीस, गुरुवारी. त्या स्वप्नात गुरूंनी भोजनास पावशेर तूप मागितले, ते देण्याचा शिष्याला विसर पडला, आणि तरीही ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र पदरात पडला, असे स्वतः तुकोबाच सांगतात. मागणाऱ्याने आखून ठेवलेल्या वाटेने उत्तर येतेच असे नाही, हे या प्रसंगावरून दिसते. परंतु माझे मन अधिक गुंतते ते त्याआधीच्या आणि त्यानंतरच्या काळात.

आपल्यापैकी बहुतेकांची प्रार्थनेविषयीची कल्पना मामलेदार कचेरीत दाखल केलेल्या दरखास्तीसारखी असते. कागद दिला, त्यावर शिक्का उठला, आता हुकूम यावयाचा. तो मुदतीत आला नाही की एक तर कागद गहाळ झाला, किंवा दरखास्त नामंजूर झाली, असे आपण मानतो. मग कोणी हितचिंतक येऊन सांगतो की स्वस्थ राहा, धीर धरा, तक्रार करू नका, तक्रार करणे हे अश्रद्धेचे लक्षण आहे. हा उपदेश सद्हेतूने केलेला असतो हे मला मान्य आहे. पण आपल्या संतांचे चरित्र तो कबूल करीत नाही.

तुकोबांचे घराणे देहूचे महाजन. दुकान, सावकारी, शेती, विठ्ठलाची परंपरागत सेवा, सारे यथास्थित होते. १६३० च्या सुमारास दख्खनेवर जो भीषण दुष्काळ कोसळला त्यात गुरे गेली, व्यापाराचे दिवाळे वाजले, पहिली पत्नी रखमाबाई अन्नान्न करीत गेली आणि मुलगा संतूही गेला. ज्या घराने पिढ्यानपिढ्या विठ्ठलाची पूजा केली त्या घरात भाकरीसाठी माणूस मरावे, याहून अनुत्तरित प्रार्थना ती कोणती? या आघातानंतर तुकोबांनी जे केले ते फार विचार करण्याजोगे आहे. पूर्वज विश्वंभरबाबांनी उभारलेले विठ्ठलाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते त्यांनी दुरुस्त केले. धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची खते त्याच्या हवाली केली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली. म्हणजे स्वतःच्या याचनेला उत्तर मिळाले नसताना इतरांच्या गळ्याभोवतीचा फास सोडविला. हातांनी असे काम चालू राहिले, म्हणून त्या आशेला मी कोरडा दिलासा म्हणू शकत नाही.

पुढे वाघोलीच्या रामेश्वर भट्टांच्या आक्षेपावरून त्यांना अभंगांच्या वह्या त्याच इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, आणि ते देवाच्या दारात शिळेवर अन्नपाणी वर्ज्य करून तेरा दिवस बसले. मराठी राज्यात येणे वसूल करण्याची एक जुनी वहिवाट होती: धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसे, आणि तो उठेपर्यंत लोकलाजेस्तव ऋणकोलाही अन्न गोड लागत नसे. ज्याने गोरगरिबांकडील आपले सारे येणे नदीत सोडले, तोच मनुष्य आता परमेश्वराच्या उंबऱ्यावर धनको होऊन बसला! माणसांवरचा दावा सोडला, पण देवावरचा सोडला नाही. आणि त्या दिवसांत तो मुका बसला होता असेही नाही. विठ्ठलाला निष्ठुर म्हणण्यास, त्याच्याशी उघड भांडण्यास, त्याला मेल्यात जमा करण्यासही गाथेतील वाणी कचरत नाही. दावा लावायचा तो समोर कोणी आहे आणि तो आपले देणे लागतो, या खात्रीवरच लावता येतो; ज्याचे अस्तित्वच मनातून पुसले गेले त्याच्या दारात कोण कशाला उपाशी बसेल? म्हणून माझे म्हणणे असे की फिर्याद ही आशेची वैरीण नसून तिचेच एक रूप आहे, आणि ज्या घरात देवाशी भांडण चालू आहे त्या घरातून श्रद्धा गेली असे समजण्याची घाई कोणी करू नये.

तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, अशी परंपरा आहे. कीर्तनकार तेथे रंग भरतात आणि श्रोते टाळ्यांचा गजर करतात. माझे मन मात्र आठव्या-नवव्या दिवशी रेंगाळते. तेरावा दिवस कसा उजाडणार हे आपल्याला ठाऊक आहे, तुकोबांना ठाऊक नव्हते. आणि त्या नवव्या दिवसावरच आज आपल्यापैकी कित्येकजण बसलेले असतील.

येथे मला एक धोका स्पष्ट बोलून दाखविलाच पाहिजे. अस्पृश्य गणलेले संत चोखोबा, म्हणजे चोखामेळा, जन्मभर पंढरीच्या महाद्वाराबाहेर उभे राहिले. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत अंगावर कोसळून ते गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारापाशी समाधी बांधली, आणि मृत्यूनंतरही ते बाहेरच राहिले. त्यांच्या सहनशीलतेची स्तोत्रे आतल्या लोकांनी गावीत, हे मला लज्जास्पद वाटते. दाराला कडी लावणाराने बाहेरच्याला धीराचा उपदेश करणे, यात धर्माचा लवलेशही नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, वर्षानुवर्षे तो चालला, दार उघडले नाही. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. त्यांनी आशा सोडली, असे मी म्हणणार नाही. त्यांनी ते दार सोडले, आणि आशा हजारो-लाखोंसह दुसरीकडे नेली. तरीही १९४८ सालच्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाची अर्पणपत्रिका ज्या तीन संतांच्या नावे आहे, त्यांत नंदनार आणि रविदास यांच्या शेजारी चोखामेळा आहेत.

पंढरीचे दार अखेर उघडले ते १९४७ साली. साने गुरुजी काही महिने महाराष्ट्रभर हिंडले, लोकांची मने वळविली, आणि १ मेपासून पंढरपुरास तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण आरंभिले. दहाव्या दिवशी मंदिर हरिजनांना खुले करण्याचा निर्णय झाला. चोखोबांच्या देहत्यागापासून मोजली तर सहाशे नऊ वर्षे होतात. हे उत्तर गाभाऱ्यातून आले नाही. ज्यांना आत जाण्यास कधीच मज्जाव नव्हता अशांपैकी एकाने बाहेरच्यांसाठी अन्न सोडले, तेव्हा ते आले. देवाने सहाशे वर्षे मौन का पाळले, असे विचारणाराला मी एवढेच विचारीन की त्या सहाशे वर्षांत कडी कोणाच्या हाती होती?

हा हिशेब पंढरपुरापुरता मिटत नाही. आपल्याच शिवारात एखाद्या विधवेचे नाव सात-बाराला चढावयाचे राहिले आहे, एखाद्या ठाकर कुटुंबाची कांदा काढणीची मजुरी थकली आहे, एखादी म्हातारी मुलाच्या पत्राची वाट पाहते आहे. आणि ही सारी माणसे सांजवेळी देवापुढे दिवा लावून काही मागत असतात. त्यांपैकी किती मागण्या आकाशात नव्हे, तर तलाठ्याच्या दप्तरात, आपल्या खिशात आणि आपल्या आळसात अडकून पडल्या आहेत, याचा शोध मृग लागण्यापूर्वी आपणांस घेता येईल. पेरणीच्या धांदलीत मग सवड उरत नाही. तेव्हा ज्यांच्याकडे कोणाची मजुरी राहिली असेल त्यांनी ती या आठवड्यातच पोचती करावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे.