घरातला खून ‘खासगी’ कसा?



नवऱ्याने बायकोला मारलं, किंवा जातीबाहेर लग्न केलं म्हणून माहेरच्यांनी तिच्या नवऱ्याला मारलं, तर शिक्षा ठरवताना कोर्ट काय तोलतं, यावर आज बोलायचं आहे.

फाशीसाठी ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ ही कसोटी 1980 च्या बचनसिंग निकालाने दिली. गुन्ह्याचं गांभीर्य वाढवणाऱ्या बाबी एकीकडे, शिक्षा सौम्य करणाऱ्या दुसरीकडे. या बचनसिंगने आधी बायकोच्या खुनासाठी 14 वर्षं तुरुंगवास भोगला होता.

1983 च्या मच्छीसिंग निकालाने गंभीर खुनांचे पाच गट केले. त्यातल्या समाजविघातक खुनांच्या गटात दोन गोष्टी शेजारी बसल्या: वैयक्तिक वैर नसताना, समाजात संताप उसळेल अशा परिस्थितीत झालेला अनुसूचित जातीच्या माणसाचा खून, आणि हुंड्यासाठी किंवा दुसरं लग्न करता यावं म्हणून केलेला बायकोचा खून. म्हणजे घरातला खूनही समाजाविरुद्धचा गुन्हा असतो, हे कोर्टाने तेव्हाच मान्य केलं होतं.

पण 2013 मध्ये दिल्लीच्या तंदूर हत्याकांडात सुप्रीम कोर्टाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. एक कारण असं, की हा खून ताणलेल्या वैयक्तिक संबंधातून झाला, तो समाजाविरुद्ध नव्हता.

महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात भावाने बहिणीच्या परजातीय नवऱ्याला आणि त्याच्या वडिलांना मारलं. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने फाशीऐवजी 25 वर्षं कैद दिली. भावाच्या मनावरचा जातीचा पगडा तिथे सौम्य करणाऱ्या पारड्यात पडला. दोनच वर्षांनी, 2011 च्या भगवानदास निकालात, तेच कोर्ट म्हणालं की इभ्रतीच्या नावाने केलेले खून दुर्मिळातले दुर्मीळच आहेत. पारडं असं न्यायाधीशागणिक झुकतं.

बाबासाहेबांनी 1916 च्या निबंधातच दाखवलं, की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, बाईवर पहारा ठेवून. मग त्या पहाऱ्यासाठी झालेला खून खासगी कसा? आणि ज्या विचाराने खून घडवला, तोच शिक्षा कमी करण्याचं कारण कसा?

मी फाशी मागत नाही. बाबासाहेबांनी 1949 मध्ये संविधान सभेत फाशीच रद्द करावी असं मत मांडलं होतं. मधला रस्ताही आहे. बायकोला मारून घराच्या अंगणात पुरणाऱ्या श्रद्धानंदला 2008 मध्ये कोर्टाने फाशीऐवजी मरेपर्यंत कैद दिली, सूट न देता.

मागणी एवढीच, की जात आणि बाईवरची मालकी गुन्हा वाढवणाऱ्या पारड्यातच मोजा. त्यासाठी काम पोलीस ठाण्यातून सुरू होतं. बळी दलित किंवा आदिवासी असेल आणि आरोपी तसा नसेल, तर ॲट्रॉसिटीचं कलम 3(2)(पाच) एफआयआरमध्ये आलंच पाहिजे. 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, बळीची जात आरोपीला माहीत होती एवढं सिद्ध होणं पुरतं. धमक्या, जातपंचायतीचे ठराव, फोनवरचे मेसेज पहिल्याच दिवशी जपून ठेवा. जे नोंदलं जात नाही, ते तराजूत पडत नाही.

जय भीम.