पेशीच्या गिरणीतील तपासनीस



विज्ञानावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे काहींना वाटेल. माझे शिक्षण वाचनालयाच्या बाकावरचे. परंतु हिंगणघाट-पुलगावच्या या जिल्ह्याला गिरणी नवी नाही, आणि आजचा विषयही एका गिरणीचाच आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

पेशीच्या पातळ आवरणात मीठ-पाणी ने-आण करणाऱ्या वाटा असतात. त्या प्रथिनांच्या बनलेल्या. रायबोसोम अमिनो आम्लांचा धागा गुंफतो. कोठे जायचे याची खूण धाग्यातच असते. ती दाखविणाऱ्या गुंटर ब्लोबेल यांना १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीच्या आतील जाळीत धागा पटलात रोवला जातो, त्याची घडी पडते आणि त्यावर चौदा शर्करामण्यांची फांदी चढते. घडी चुकली की तपासनीस एक मणी पुन्हा चढवतो. म्हणजे, पुन्हा घडी घाल! पुष्कळदा सांगूनही जमले नाही, तर माल बाहेर ओढून त्याचे तुकडे होतात. उत्तीर्ण माल मात्र आवरणापर्यंत पोहोचतो.

ही तपासणी हवीच. पण तपासनीस घडी पाहतो, काम पाहत नाही. 'सिस्टिक फायब्रोसिस' या रोगात मिठाच्या वाटेचे प्रथिन बिघडते. त्यात १४८० अमिनो आम्ले. बहुसंख्य रोग्यांत ५०८ वे तेवढे गळलेले. हा दोष १९८९ साली सापडला. पेशी २७ अंशांच्या थंडाव्यात ठेवल्या, तर तेच प्रथिन आवरणापर्यंत पोहोचून काही प्रमाणात काम करते, असे पुढे दिसले. म्हणजे कामाचा माल चिंध्यांत जात होता, आणि रोग्याची फुप्फुसे चिकट कफाने भरत होती.

मुंबईच्या विणकरांनी १९२८ च्या संपात मागणी केली होती की, खराब कापड आमच्या गळ्यात मारून पगार कापू नका. सूत कच्चे, साचा जुना, आणि दंड विणकराला! दोष कोठे आहे हे शोधल्याशिवाय न्याय होत नाही.

शास्त्रज्ञांनी तोच शोध घेतला. तपासनीसाला हाकलले नाही. घडीला आधार देणारी औषधे काढली. २०१९ साली अमेरिकेत तीन औषधांचा संयोग मंजूर झाला. किंमत मात्र वर्षाला तीन लाख डॉलरांहून अधिक! पेशीतली वाट उघडली, पण औषधाच्या दुकानाची वाट पैशाने अडवली आहे. ती उघडणे हे शास्त्रज्ञांचे काम नव्हे, तुमचे-आमचे आहे.